अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा: ठराव एका दिवशी, मजकूर दुसऱ्या दिवशी, सह्या तिसऱ्या

एखाद्या सहकारी संस्थेच्या सभेचे इतिवृत्त ज्याने कधी लिहिले आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ठराव मंजूर होतो एका क्षणी, त्याची नेमकी शब्दरचना ठरते नंतर, आणि सह्या पडतात त्या बहुधा पुढच्या सभेत, इतिवृत्त वाचून कायम होताना. दप्तरात मात्र एकच तारीख राहते आणि पन्नास वर्षांनी दप्तर उघडणारा सगळे त्याच दिवशी झाले असे समजून चालतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे नेमके हेच झाले. ब्रिटिश राजसत्तेशी संबंध तोडण्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी मंजूर झाला, त्या ठरावाची कारणे सांगणारा मजकूर ४ जुलैला स्वीकारला गेला, चर्मपत्रावर उतरवलेल्या प्रतीवर सह्या सुरू झाल्या २ ऑगस्टला, आणि शेवटची सही तर जानेवारी १७७७ उलटून गेल्यावरच पडली. आपल्याकडेही संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले, त्यावर सभासदांच्या सह्या २४ जानेवारी १९५० रोजी झाल्या आणि २६ जानेवारीला ते अमलात आले; त्यामुळे तारखांची ही तिपेडी गुंतागुंत मराठी वाचकाला अगदीच अपरिचित वाटू नये.

या प्रकरणात पाहायचे आहे ते एवढेच, की ही अंतरे का पडली. माझ्या मते ती ढिलाईमुळे पडलेली नाहीत. तेरा वसाहतींना एका ओळीत उभे करण्यासाठी जेवढा वेळ लागला, तेवढेच ते अंतर आहे. आणि एकमत साधण्यासाठी जे सोडून द्यावे लागले, त्याच्या खुणाही मसुद्याच्या खाडाखोडीत स्पष्ट दिसतात.

पेचाचे स्वरूप

१७७६ च्या उन्हाळ्यापर्यंत युद्धाला वर्ष उलटले होते. लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे १९ एप्रिल १७७५ रोजी बंदुका चालल्या होत्या, त्यानंतर जुलैमध्ये फिलाडेल्फियातील काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे समेटाचा अखेरचा अर्ज धाडला होता, आणि राजाने ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर करून त्या अर्जाला उत्तर दिल्यासारखेच केले होते. वर्षाच्या शेवटी ब्रिटिश संसदेने वसाहतींचा व्यापार बंद पाडणारा कायदा केला. जानेवारी १७७६ मध्ये स्वातंत्र्याची उघड मागणी करणारी टॉमस पेन याची पुस्तिका निघाली आणि जे बोलायला लोक कचरत होते ते चव्हाट्यावर बोलले जाऊ लागले. तरीही काँग्रेसमधले प्रतिनिधी मनात येईल तसे मत देऊ शकत नव्हते. प्रत्येक वसाहतीच्या सभागृहाने आपापल्या प्रतिनिधींना लेखी सूचना देऊन पाठवले होते, आणि त्या सूचनांत कित्येकांना स्वातंत्र्याच्या बाजूने मत देण्याची मुभाच नव्हती. मतही माणशी नव्हते. वसाहतीला एक मत, आणि ते कुठे पडायचे हे त्या वसाहतीच्या हजर प्रतिनिधींच्या बहुमतावर ठरायचे.

कोंडी फोडली ती व्हर्जिनियाने. तिथल्या अधिवेशनाने १५ मे रोजी आपल्या प्रतिनिधींना स्पष्ट आज्ञा दिली, आणि ७ जूनला रिचर्ड हेन्री ली यांनी काँग्रेसमध्ये ठराव मांडला. मॅसॅच्युसेट्सचे जॉन अ‍ॅडम्स हे अनुमोदक. ठरावाचे तीन भाग होते: या वसाहती स्वतंत्र राज्ये आहेत आणि तसा त्यांना अधिकार आहे, परराष्ट्रांशी मैत्रीचे करार करण्यासाठी पावले उचलावीत, आणि आपसातील संघाची योजना तयार करावी. दुसरा भाग वाचताना घाईघाईने पुढे जाऊ नये. फ्रान्सच्या मदतीवाचून हे युद्ध निभावणे कठीण होते, आणि दुसऱ्या राजाच्या प्रजेने घरात केलेल्या भांडणात उघडपणे हात घालायला फ्रान्सचा राजा धजणार नव्हता. स्वतंत्र राज्य म्हणून दाराशी उभे राहिले, तर बोलणी होऊ शकत होती. इंग्रजांशी वाकडे असलेल्याने फ्रेंचांकडे पाहावे ही त्या काळची रीतच होती. पुण्याच्या दरबारातही १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील येऊन राहिला आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. तात्पर्य, जाहीरनाम्याचा एक वाचक लंडनला असला तरी दुसरा, कदाचित अधिक महत्त्वाचा, पॅरिसला होता.

ठरावावर दोन दिवस खल झाला. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड आणि दक्षिण कॅरोलिना या वसाहती अजून तयार नाहीत, हे चर्चेत उघड झाले. तेव्हा मतदान रेटून नेण्याऐवजी काँग्रेसने ते १ जुलैपर्यंत तहकूब केले, आणि मधला वेळ फुकट जाऊ नये म्हणून ११ जूनला पाच जणांची मसुदा समिती नेमली: थॉमस जेफरसन, जॉन अ‍ॅडम्स, बेंजामिन फ्रँकलिन, रॉजर शर्मन आणि रॉबर्ट लिव्हिंग्स्टन. म्हणजे निर्णय व्हायच्या आधीच निर्णयाची कारणे लिहायला घेतली होती. सभेचे कामकाज चालवणाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही. ठराव तयार ठेवूनच सभा बोलवायची असते.

मसुदा

लेखनाचे काम जेफरसनकडे का आले, याबद्दल दोघा मुख्य साक्षीदारांच्या आठवणी जुळत नाहीत. अ‍ॅडम्स यांनी १८२२ मध्ये लिहिले, की आपण स्वतः सर्वांना नकोसे झालो होतो, कागद व्हर्जिनियाच्या माणसाच्या हातचा असणे सोयीचे होते, आणि जेफरसनची लेखणी आपल्यापेक्षा कितीतरी सरस होती. जेफरसनने हा वृत्तांत मान्य केला नाही; समितीने आपल्याला थेट सांगितले, असे त्याचे म्हणणे. घटनेनंतर सेहेचाळीस वर्षांनी दोन म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी आहेत या, त्यामुळे निकाल देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

जेफरसन तेहेतीस वर्षांचा होता. फिलाडेल्फियात सातव्या रस्त्याच्या आणि मार्केट रस्त्याच्या कोपऱ्यावर जेकब ग्राफ नावाच्या गवंड्याचे नवे विटांचे घर होते. त्यातल्या माडीवरच्या दोन खोल्या त्याने भाड्याने घेतल्या होत्या. लिहायला एक छोटे, घडीचे, मांडीवर किंवा टेबलावर ठेवता येणारे मेज होते. त्याचा आराखडा त्याने स्वतः काढला होता आणि बेंजामिन रँडॉल्फ या सुताराने ते बनवले होते. सोबत चाकरीला चौदा वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज हा मुलगा होता, जेफरसनच्याच मालकीचा गुलाम. ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य कागदावर उतरत असताना त्याच बिऱ्हाडात तो मुलगा वावरत होता.

आपण पुस्तक किंवा पत्रक समोर ठेवून लिहिले नाही, असे जेफरसनने पुढे सांगितले, आणि नवे विचार शोधून काढणे हा आपला हेतूच नव्हता, अमेरिकी मनाला शब्द देणे हा होता, असेही लिहिले. ते खरेच आहे, पण लेखणीजवळ काहीच नव्हते असे नाही. जॉर्ज मेसन यांनी तयार केलेली व्हर्जिनियाची हक्कांची सनद, मसुद्याच्या अवस्थेत, त्याच आठवड्यात फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. आणि राजावरच्या आरोपांची एक यादी जेफरसनने व्हर्जिनियाच्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेसाठी आधीच करून ठेवली होती. चांगला मसुदाकार हाताशी असलेले वापरतो, यात उणेपणा कसला?

कागदाची बांधणी वकिली फिर्यादीसारखी आहे. आधी प्रस्तावना, मग माणसाचे हक्क आणि सरकारचा उगम यांविषयीची तत्त्वे, त्यानंतर राजाने केलेल्या अन्यायांची यादी, जी साधारणपणे सत्तावीस कलमांची मोजतात, आणि अखेर ली यांच्या ठरावातलेच शब्द घेऊन केलेली घोषणा. या यादीत एक खुबी आहे. आरोप राजावर आहेत. संसदेचे नाव कुठेच येत नाही, तिचा उल्लेख ‘इतर’ अशा आडवळणाने होतो. कारण वसाहतींची भूमिका अशी होती, की संसदेचा आपल्यावर कधी अधिकार नव्हताच, नाते होते ते फक्त राजाशी. जिच्याशी नातेच नव्हते तिच्यापासून फारकत कसली घ्यायची? आज आपल्याला मसुद्याचा दुसरा परिच्छेद तोंडपाठ असतो आणि यादी कोणी वाचत नाही. त्या वेळच्या वाचकाचे उलट होते. त्याच्या दृष्टीने दावा सिद्ध करणारी बाजू यादीतच होती.

जेफरसनच्या हातची खाडाखोड असलेली पहिली प्रत अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे, आणि तिच्यावर अ‍ॅडम्स आणि फ्रँकलिन यांच्या दुरुस्त्याही आहेत. तिथे पहिल्यांदा सत्ये ‘पवित्र आणि नाकारता न येणारी’ होती. ते शब्द खोडून ‘स्वयंसिद्ध’ आला. धर्मपीठावरचे विशेषण जाऊन भूमितीचे आले, आणि वाक्याचा सगळा तोलच बदलला. दुसरी एक दुरुस्ती २०१० मध्ये उजेडात आली. ग्रंथालयातील तज्ज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशलहरींखाली कागदाची छायाचित्रे घेतली, तेव्हा एका ठिकाणी ‘नागरिक’ या शब्दाखाली शाई ओली असतानाच पुसून टाकलेला ‘प्रजाजन’ हा शब्द दिसला. ज्या वाक्यात हे घडले ते वाक्य शेवटच्या मजकुरात राहिलेही नाही. पण हाताला लागलेली जुनी सवय आणि ती तिथल्या तिथे पुसणारा अंगठा, हे दोन्ही त्या एका डागात सापडतात.

समितीने २८ जूनला मसुदा काँग्रेससमोर ठेवला. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये लावलेले आणि दोन डॉलरच्या नोटेमागे छापलेले जॉन ट्रंबल याचे प्रसिद्ध चित्र याच प्रसंगाचे आहे. ते सह्यांचे चित्र म्हणून हरघडी दाखवले जाते. त्यात सही कोणीच करत नाही.

१ आणि २ जुलै: मतांची जुळवाजुळव

या प्रकरणाचा गाभा, माझ्या मते, या दोन दिवसांत आहे. १ जुलैला पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी ठरावाविरुद्ध दीर्घ भाषण केले. आधी संघ आणि परराष्ट्रांचे आश्वासन, मग घोषणा, असा त्यांचा क्रम होता; घाई केली तर वादळात कागदी होडी सोडल्यासारखे होईल, ही त्यांची भीती भित्रेपणाची म्हणता येणार नाही. अ‍ॅडम्स यांनी उत्तर दिले. मग मते मोजली गेली. नऊ वसाहती बाजूने. पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलिना विरुद्ध. डेलावेअरचे दोन हजर प्रतिनिधी, टॉमस मॅककीन आणि जॉर्ज रीड, एक इकडे एक तिकडे, म्हणून मत बाद. आणि न्यू यॉर्क सूचनांअभावी तटस्थ.

नऊ विरुद्ध दोन हे बहुमत भरघोस आहे. साध्या सभेत अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचे जाहीर करून पुढचा विषय घेतला असता. इथे मात्र नऊ पुरेशा नव्हत्या, कारण उरलेल्यांपैकी तीन वसाहती नकाशावर मधोमध होत्या, आणि पेनसिल्व्हेनिया तर काँग्रेस जिथे बसली होती तीच. दक्षिण कॅरोलिनाचे एडवर्ड रटलेज, वय वर्षे सव्वीस, यांनी अंतिम मतदान दुसऱ्या दिवसावर टाकण्याची विनंती केली. आपल्या सहकाऱ्यांना ठराव पसंत नसला तरी एकमतासाठी ते सामील होतील असे त्यांना वाटत होते. जेफरसनच्या टिपणांत ही विनंती नोंदलेली आहे. ठराव पटलेला नाही, पण एकटे पडायचे नाही, हे कारण प्रामाणिकपणे बोलून दाखवणारा सभासद विरळा.

रात्रीत तीन गोष्टी घडल्या. मॅककीन यांनी डेलावेअरचे तिसरे प्रतिनिधी सीझर रॉडनी यांना बोलावणे धाडले होते. ते आपल्या वसाहतीत होते, दम्याने आणि चेहऱ्यावरच्या कर्करोगाने त्रस्त होते. सुमारे ऐंशी मैलांचा प्रवास करून ते २ जुलैला सभागृहात पोहोचले. पोहोचल्यावर भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एवढेच म्हटले, की गडगडाट आणि पावसाने अडकलो, तरी मत देण्यापुरता वेळेवर आलो. पेनसिल्व्हेनियाचे डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस यांनी त्या दिवशी आपल्या जागी न बसण्याचे ठरवले, त्यामुळे त्या वसाहतीचे मत तीन विरुद्ध दोन असे फिरले. आणि रटलेज यांच्या अपेक्षेप्रमाणे दक्षिण कॅरोलिना बाजूला आली. मत मोजले तेव्हा बारा बाजूने, विरुद्ध कोणी नाही, न्यू यॉर्क तटस्थ.

डिकिन्सन यांच्या वागण्याकडे इतिहासलेखनात म्हणावे तेवढे लक्ष गेलेले नाही. त्यांनी मत बदलले नाही आणि वाटही अडवली नाही. गैरहजर राहून ती मोकळी करून दिली, जाहीरनाम्यावर सही केली नाही, आणि लगेच आपली पलटण घेऊन त्याच युद्धात उतरले. विरोध नोंदवायचा पण सभा मोडायची नाही, ही कसरत सभाशास्त्राच्या पुस्तकांत शिकवत नाहीत.

त्या संध्याकाळी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने, काँग्रेसने आज संयुक्त वसाहती स्वतंत्र राज्ये म्हणून घोषित केल्या, अशी एका वाक्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडम्स यांनी पत्नी ॲबिगेल हिला लिहिले, की जुलैची दुसरी तारीख पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा आणि रोषणाई करून साजरी करतील. तपशील सगळा खरा ठरला, फक्त तारीख दोन दिवसांनी चुकली.

मजकुरावरची कात्री

ठराव झाल्यावर काँग्रेस मसुद्याकडे वळली. संपूर्ण सभागृहाचीच समिती करून, व्हर्जिनियाचे बेंजामिन हॅरिसन अध्यक्षस्थानी, वाक्य न् वाक्य वाचले गेले, आणि मूळ मजकुराचा सुमारे चौथा हिस्सा गळाला. जेफरसन जागेवर बसून सोसत होता. शेजारी फ्रँकलिन होते. त्यांनी त्याला जॉन टॉमसन नावाच्या टोप्या विकणाऱ्याची गोष्ट सांगितली. टॉमसनने दुकानाच्या पाटीसाठी ‘जॉन टॉमसन, टोपीवाला, रोखीने टोप्या बनवतो व विकतो’ असा मजकूर आणि खाली टोपीचे चित्र योजले. मित्रांना दाखवला. एक म्हणाला, ‘टोपीवाला’ कशाला, टोप्या बनवतो म्हटलेच आहे. दुसरा म्हणाला, ‘बनवतो’ कशाला, गिऱ्हाइकाला त्याचे काय. तिसऱ्याने ‘रोखीने’ काढले, कारण उधारीची पद्धतच नव्हती. चौथ्याने ‘विकतो’ काढले, फुकट देईल असे कोणाला वाटणार होते? शेवटी नाव आणि टोपीचे चित्र उरले. समितीसमोर मसुदा ठेवलेल्या कोणत्याही माणसाने ही गोष्ट गाठीशी ठेवावी.

बऱ्याचशा काटछाटीने कागद सुधारला, हे निःसंकोच म्हणता येते. लांबलेला शेवट आटोपशीर झाला, ब्रिटिश जनतेवरचा राग कमी झाला, हक्कांपुढचा ‘जन्मजात’ जाऊन ‘काही’ आला, ईश्वरी संरक्षणाचा उल्लेख आला. आयुष्य, मालमत्ता आणि पवित्र प्रतिष्ठा पणाला लावण्याचे शेवटचे शब्द जेफरसनचेच राहिले. पण एक कलम गेले ते सुधारणा म्हणून गेले नाही. त्यात जेफरसनने गुलामांच्या व्यापाराचा ठपका राजावर ठेवला होता, आणि पुढे त्याच गुलामांना मालकांविरुद्ध उठवल्याचाही. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांच्या गुलामांना ब्रिटिश बाजूने लढल्यास मुक्ती देऊ केली होती, त्याचा तो संदर्भ. एकाच कलमात गुलामी हा गुन्हा आणि मुक्तीचे आमिष हाही गुन्हा! युक्तिवाद म्हणून ते लंगडेच होते, आणि लिहिणारा स्वतः मालक. तरीही ते राहिले असते तर राष्ट्राच्या पहिल्या कागदावर गुलामांचा व्यापार हा अन्याय आहे असे लिहिलेले राहिले असते. जेफरसनने टिपून ठेवले आहे, की ते दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या खातर काढले, आणि उत्तरेकडच्या बंधूंनाही ते बोचत होते, कारण त्यांच्याकडे गुलाम थोडे असले तरी वाहतूक त्यांच्या जहाजांतून बरीच झाली होती. दोन दिवसांपूर्वी एकमतासाठी सामील झालेली दक्षिण कॅरोलिना आणि हे गाळलेले कलम ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत. गुलामी संपवणारी घटनादुरुस्ती झाली १८६५ मध्ये, यादवी युद्धात प्रचंड रक्त सांडल्यावर. त्या लढ्यात झीज सोसलेल्या अमेरिकेतील लोकांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. १७७६ मध्ये खोडलेल्या ओळींचे पुढचे सूत असे पुण्यापर्यंत येते.

४ जुलैला मजकूर स्वीकारला गेला. त्या दिवशीचा जेफरसनचा खर्च आणि हवामान यांची टिपणे उपलब्ध आहेत: एक तापमापक आणि बायकी हातमोज्यांचे सात जोड विकत घेतले, दुपारी एक वाजता पारा ७६ अंश फॅरनहाइट. रात्री जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात एकपानी पत्रके निघाली. अंदाजे दोनशे छापली गेली असे मानतात, आज सव्वीस ठाऊक आहेत. त्यांवर दोनच नावे आहेत, अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन, तीही छापील. मथळ्यात ‘एकमताने’ हा शब्द नाही, असू शकतही नव्हता. न्यू यॉर्कने अजून मत दिलेले नव्हते.

सह्या

८ जुलैला फिलाडेल्फियात कर्नल जॉन निक्सन यांनी जाहीरनामा लोकांना वाचून दाखवला. ९ जुलैला न्यू यॉर्कमध्ये सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यासमोर वाचन झाले आणि संध्याकाळी जमावाने तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला. ते शिसे कनेक्टिकटला नेऊन त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या गेल्या. त्याच ९ जुलैला न्यू यॉर्कच्या प्रांतिक सभेने जाहीरनाम्याला मान्यता दिली. ती बातमी १५ तारखेला काँग्रेसमध्ये पोहोचली, आणि १९ जुलैला आदेश निघाला, की मजकूर चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात उतरवावा, त्यावर ‘तेरा संयुक्त राज्यांचा एकमताने केलेला जाहीरनामा’ असे शीर्षक द्यावे, आणि प्रत्येक सभासदाने सही करावी. पंधरा दिवसांचा उशीर एका शब्दासाठी झाला होता.

अक्षर बहुधा टिमथी मॅटलॅक यांचे. सुमारे साडेचोवीस इंच रुंद आणि तीस इंच लांब असा तो चामड्याचा ताव आहे, आणि इतके जपून लिहूनही दोन ठिकाणी चूक झालीच: एका ‘प्रतिनिधी’ शब्दातली दोन अक्षरे आणि एके ठिकाणी ‘फक्त’ हा शब्द राहून गेला, ते ओळीवर खूण करून घुसवलेले आजही दिसतात. नव्याने ताव लिहायला घेतला नाही. मला ही गोष्ट दिलासा देणारी वाटते.

२ ऑगस्टला गुप्त कामकाजाच्या नोंदवहीत लिहिले गेले, की जाहीरनामा टेबलावर ताडून पाहिला आणि सभासदांनी सही केली. अध्यक्ष म्हणून हॅनकॉक यांची सही मध्यभागी आणि ठळक. राजाला चष्म्याशिवाय वाचता यावी म्हणून ती मोठी केली, ही कथा नंतरची. बाकीच्यांनी वसाहतवार रकाने धरले, उत्तरेकडच्या उजवीकडे, दक्षिणेकडच्या डावीकडे. १ जुलैला विरुद्ध मत देणारे जॉर्ज रीड यांनी सही केली, गैरहजर राहिलेले मॉरिस यांनीही. उलट मसुदा समितीतले लिव्हिंग्स्टन यांची सही नाही, कारण ते तोवर न्यू यॉर्कला परतले होते. पेनसिल्व्हेनियाच्या पाच सह्या तर अशा लोकांच्या आहेत जे २० जुलैला निवडून आले. मतदानाच्या वेळी ते काँग्रेसमध्ये नव्हतेच. एकूण छप्पन नावे झाली ती अशी, आणि यावरून दिसते की सही म्हणजे ‘मी त्या दिवशी मत दिले’ याची पावती नव्हती. माझे राज्य या कागदाला बांधले आहे, याचा तो दाखला होता. मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी यांना तर प्रवासाला जावे लागले तेव्हा त्यांनी २१ जुलैला अ‍ॅडम्स यांना लिहून कळवले, की सह्या ठरल्याप्रमाणे होणार असतील तर माझ्या वतीने करून टाका. तसे झाले नाही. परत आल्यावर त्यांनी स्वतःच केली.

सही करणाऱ्यांपैकी बेंजामिन रश यांनी १८११ मध्ये अ‍ॅडम्स यांना त्या सभेची आठवण लिहिली. एकेक जण अध्यक्षांच्या टेबलाशी जात होता, आपण आपल्याच मृत्युदंडावर सही करतो आहोत असे अनेकांना वाटत होते, आणि त्या शांततेत धिप्पाड हॅरिसन हे किरकोळ बांध्याच्या गेरींना म्हणाले, की फाशीच्या वेळी मी वजनामुळे चटकन सुटेन, तुम्ही मात्र तास-दोन तास हवेत नाचत राहाल. विनोद खरा असावा, प्रसंग मात्र जुळत नाही, कारण २ ऑगस्टला गेरी फिलाडेल्फियात नव्हते. पस्तीस वर्षांनंतर आठवणीने दोन दिवस एकत्र शिवले असावेत.

फाशीचे भय बोलण्यापुरते नव्हते. हा राजद्रोह होता, आणि ब्रिटिश आरमार जूनच्या अखेरीसच न्यू यॉर्कसमोर येऊन ठाकले होते. म्हणून सह्या झाल्या तरी नावे प्रसिद्ध केली नाहीत. डिसेंबरमध्ये शत्रू फिलाडेल्फियाच्या दिशेने सरकला तेव्हा काँग्रेस बाल्टिमोरला हलली. ट्रेंटन आणि प्रिन्स्टन येथे वॉशिंग्टनला विजय मिळाल्यावर, १८ जानेवारी १७७७ रोजी, नावांसह प्रत छापण्याचा हुकूम निघाला. ते काम बाल्टिमोरच्या टपाल कार्यालयाची प्रमुख असलेली मेरी कॅथरीन गॉडर्ड हिने केले; एरवी नावाची आद्याक्षरे छापणाऱ्या या मुद्रक बाईने त्या पत्रकाच्या तळाशी आपले पूर्ण नाव घातले. छप्पन जणांप्रमाणे तिनेही आपली मान त्या कागदाखाली ठेवली, इतकेच म्हणतो.

त्या छापील प्रतीत मॅककीन यांचे नाव नाही. रॉडनींना बोलावून घेऊन डेलावेअरचे मत वाचवणाऱ्या माणसाची सही त्यानंतर कधीतरी पडली.

तारीख कशी चिकटली

काँग्रेसने आपले कामकाज छापले तेव्हा ४ जुलैच्या नोंदीखालीच सह्यांची नावे लावून दिली, आणि वाचणाऱ्यांनी सह्या त्याच दिवशी झाल्या असे धरले. मॅककीन यांनी १७९६ पासून याला हरकत घेतली. जेफरसन मात्र आपण ४ जुलैलाच सही केल्याचे सांगत राहिला. २ ऑगस्टची नोंद असलेली गुप्त वही १८२१ मध्ये छापली गेली तेव्हा वाद कागदोपत्री मिटला, पण तोवर पंचेचाळीस वेळा ४ जुलै साजरी झाली होती. १८२६ मध्ये जेफरसन आणि अ‍ॅडम्स दोघेही त्याच तारखेला वारले, मग तर ती हलवणे कोणाच्याच हातात राहिले नाही.

मूळ चर्मपत्र १९५२ पासून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. गुंडाळ्या, उन्हे आणि हाताळणी सोसून शाई इतकी फिकट झाली आहे, की आज डोळ्यांसमोर येते ती प्रतिमा बहुधा विल्यम स्टोन यांनी १८२३ मध्ये कोरलेल्या ठशाची असते. उजवीकडच्या रकान्यात, कनेक्टिकटच्या सह्यांखाली, मॅथ्यू थॉर्नटन हे न्यू हॅम्पशायरचे नाव एकटेच पडलेले दिसते. ते नोव्हेंबरमध्ये आले, आणि आपल्या राज्याच्या लोकांजवळ जागा शिल्लक नव्हती. ताव उलटला की मागच्या बाजूला, गुंडाळी ओळखता यावी म्हणून कोणीतरी लिहिलेली एक ओळ आहे: मूळ स्वातंत्र्याचा जाहीरनामा, दिनांक ४ जुलै १७७६. त्या दिवशी या चामड्यावर एक अक्षरही उमटलेले नव्हते.